महाभियोग होऊनही खुर्ची शाबूत राहिली, तर वचक कुणाला बसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या महाभियोगाबद्दल ओळखीपाळखीच्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच शंका असते: आरोप ठेवले, खटला चालवला आणि शेवटी माणूस आहे तिथेच राहिला, तर पुढचा राष्ट्राध्यक्ष त्यातून धडा घेतो की सोकावतो?

महाभियोग मंजूर झाला म्हणजे राष्ट्राध्यक्षाला काढलं, असंच ना?

नाही. आपल्याकडच्या बातम्यांत "महाभियोग मंजूर" असं ठळक छापून येतं आणि गोंधळ होतो. महाभियोग म्हणजे पोलिसांनी कोर्टात दाखल केलेलं आरोपपत्र समजा. ते काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, कनिष्ठ सभागृह असलेलं प्रतिनिधीगृह दाखल करतं आणि त्याला साधं बहुमत पुरतं. खटला वरिष्ठ सभागृहात, सिनेटमध्ये चालतो. राष्ट्राध्यक्षावरच्या खटल्यात सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी असतात, आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात. शंभरच्या शंभर हजर असतील तर ६७. दुसऱ्या बाजूने मोजलं, तर राष्ट्राध्यक्षाला वाचायला ३४ सिनेटर पुरतात. हा ३४ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे.

आजवर किती राष्ट्राध्यक्षांवर झाला, आणि किती जण गेले?

तिघांवर मिळून चार वेळा. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन, १९९८ मध्ये बिल क्लिंटन, २०१९ आणि २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प. सिनेटने दोषी ठरवून घरी पाठवलेला राष्ट्राध्यक्ष एकही नाही. निक्सन या यादीत बसत नाही, त्याचं पुढे येईलच. सिनेटने आजवर ज्या आठ जणांना काढलं, ते सगळे केंद्रीय न्यायाधीश होते.

मग शिक्षाच होत नसेल तर वचक कसला?

वचक असतो, पण खटला लटकत असेपर्यंत.

जॉन्सनचं पाहा. यादवी युद्धानंतर दक्षिणेची घडी कशी बसवायची यावरून त्याचं आणि काँग्रेसचं उभं वैर. सिनेटच्या संमतीशिवाय मंत्र्याला काढता येणार नाही असा कायदा काँग्रेसने त्याचा नकाराधिकार धुडकावून केला होता. तरी त्याने युद्धमंत्री स्टँटनला हटवलं आणि तीन दिवसांत महाभियोग ठोकला गेला. खटला चालू असताना मात्र हा आडदांड माणूस एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. जाहीर शिवीगाळ थांबली. कुंपणावरच्या सिनेटरांना पटेल अशा जनरल स्कोफिल्डचं नाव त्याने युद्धमंत्रिपदासाठी पुढे केलं. आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांच्या नव्या राज्यघटना एरवी त्याने अडवून धरल्या असत्या, त्या मुकाट काँग्रेसकडे रवाना केल्या. १६ मे १८६८ ला मतदान झालं: ३५ दोषी, १९ निर्दोष. हवी होती ३६. एका मताने सुटला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्याने बंडखोर दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या सगळ्यांना सरसकट माफी देऊन टाकली.

दीडशे वर्षांनी तोच खेळ. २०१९ मध्ये ट्रम्प प्रशासनाने युक्रेनची सुमारे ३९ कोटी डॉलरची लष्करी मदत रोखून धरली होती, आणि २५ जुलैच्या फोनवर ट्रम्प यांनी झेलेन्स्कींकडे बायडन पिता-पुत्रांची चौकशी करण्याची मागणी केली होती. ९ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाच्या समित्यांनी चौकशी जाहीर केली. ११ सप्टेंबरला पैसे सुटले. दोन दिवसांत! या प्रकरणावरून महाभियोगाचा ठराव तेव्हा कुणी मांडलाही नव्हता. नाक दाबलं की तोंड उघडतं, ते असं.

माझं मत यावरूनच बनलं आहे. निकाल काय लागेल हे ठाऊक नसतं तोवर राष्ट्राध्यक्ष जपून पावलं टाकतो. मतमोजणी झाली, ३४ माणसं आपल्याकडे पक्की आहेत हे कळलं, की महाभियोगातली सगळी भीती संपते. उलट त्याला आपल्या ताकदीचा नेमका आकडा छापील मिळालेला असतो.

सुटल्यावर तरी माणूस ताळ्यावर येतो का?

२०२० मध्ये मतदानाच्या तोंडावर ट्रम्प यांच्याच पक्षाच्या सिनेटर सुझन कॉलिन्स एका मुलाखतीत म्हणाल्या, की ट्रम्प या प्रकरणातून धडा शिकले आहेत, मोठा धडा. ५ फेब्रुवारीला ट्रम्प सुटले, ४८ विरुद्ध ५२ आणि ४७ विरुद्ध ५३ अशा मतांनी. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये त्यांनी निर्दोष सुटल्याचा मथळा असलेलं वर्तमानपत्र दोन्ही हातांनी उंच धरून दाखवलं. सत्यनारायणाच्या प्रसादाला जमल्यासारखी पाहुण्यांची गर्दी होती आणि टाळ्या चालल्या होत्या. ७ तारखेला, म्हणजे सुटकेला दोन दिवस होतात न होतात तोच, चौकशीत साक्ष दिलेल्या लेफ्टनंट कर्नल विंडमन यांना व्हाइट हाउसमधून बाहेर काढण्यात आलं आणि दुसरे साक्षीदार, राजदूत सॉंडलंड यांना परत बोलावण्यात आलं. एप्रिलमध्ये, ज्यांनी मूळ तक्रार काँग्रेसपर्यंत पोचवली त्या गुप्तचर खात्यांच्या महानिरीक्षक ॲटकिन्सन यांची पाळी आली. कॉलिन्स यांनी आपलं वाक्य तोवर "शिकले" वरून "शिकतील अशी आशा" पर्यंत खाली आणलं होतं.

आणि मग २ जानेवारी २०२१ चा फोन. जॉर्जियाच्या निवडणूक अधिकाऱ्याला, रॅफेन्सपर्गर यांना, ट्रम्प सांगतात की मला ११,७८० मतं शोधून हवी आहेत. एका फोनवरून महाभियोग होऊन गेलेल्या माणसाने सुटल्यावर वर्षभराच्या आत केलेला हा दुसरा फोन. चार दिवसांनी जमाव संसदभवनात घुसला आणि त्यावरून ट्रम्प यांच्यावर दुसरा महाभियोग आला.

क्लिंटनचं उदाहरण तर उलट सांगतं ना? तो नंतर सुधारला.

थोडंफार. १२ फेब्रुवारी १९९९ ला सिनेटने सोडल्यावर तो रोझ गार्डनमध्ये एकटाच आला, चार वाक्यांत देशाची माफी मागितली आणि वळला. पाठीमागून एका वार्ताहराने विचारलं, की तुम्ही मनापासून क्षमा करू शकता का, विसरू शकता का? तो थांबला, म्हणाला, जो क्षमा मागतो त्याने ती द्यायलाही तयार असलं पाहिजे. वर्तमानपत्र उंच धरण्याच्या प्रसंगाशेजारी हा ठेवून पाहा.

पण क्लिंटनला जी झळ लागली ती सिनेटबाहेर. महाभियोगाच्या आठवड्यात तर गॅलप चाचणीत त्याची लोकप्रियता ७३ टक्क्यांवर गेली होती, आणि त्याआधीच्या मध्यावधी निवडणुकीत त्याच्या पक्षाच्या पाच जागा वाढल्या होत्या. चटका दिला कोर्टांनी. लैंगिक छळाचा दावा लावणाऱ्या पॉला जोन्स यांच्याशी साडेआठ लाख डॉलरची तडजोड, शपथेवर खोटं सांगितल्याबद्दल न्यायाधीश सुझन वेबर राइट यांनी ठरवलेला न्यायालयाचा अवमान, आणि कारकिर्दीच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, १९ जानेवारी २००१ ला, पाच वर्षांसाठी वकिलीची सनद खुंटीवर टांगण्याचा करार. इतकं होऊन दुसऱ्याच दिवशी, जाता जाता, फरार उद्योजक मार्क रिच याला माफी देऊन गेलाच. तेव्हा सुधारला वगैरे जरा जपून म्हणावं.

पुढचे राष्ट्राध्यक्ष आधीच्याच्या महाभियोगातून काही शिकतात की नाही?

शिकतात की! फक्त आपल्याला हवं ते शिकत नाहीत.

निक्सनच्या वेळी न्यायविषयक समितीने मान्य केलेलं तिसरं कलमच होतं: समितीने मागितलेली कागदपत्रं दिली नाहीत. क्लिंटन अडकला तो शपथेवर बोलल्यामुळे. त्याने ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळापुढे) तोंड उघडलं नसतं, तर पहिल्या कलमात लिहायला काही उरलं नसतं. या दोन्हींची गोळाबेरीज केली तर धडा एकच निघतो: तोंड उघडायचं नाही. ट्रम्प यांनी रशियाच्या निवडणुकीतल्या हस्तक्षेपाची चौकशी करणारे विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांच्या प्रश्नांना समोर बसून उत्तरं दिली नाहीत, लेखी पाठवली. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हाइट हाउसच्या वकिलांनी प्रतिनिधीगृहाला आठ पानी पत्र धाडून कळवलं, की तुमच्या चौकशीत आम्ही भाग घेणार नाही. कागद नाही, माणूस नाही, काही नाही. त्यावर "काँग्रेसच्या कामात अडथळा" असं दुसरं कलम लागलं आणि सिनेटने तेही फेटाळलं. म्हणजे निक्सनच्या काळी जो गुन्हा होता, तो २०२० पासून बचावाचा एक रुळलेला मार्ग झाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत टिकाऊ नुकसान हेच.

निक्सन मग गेला कसा? त्याच्यावर तर महाभियोग पूर्ण झालाच नव्हता.

कारण त्याची ३४ माणसं फुटली. जुलै १९७४ च्या शेवटी समितीने तीन कलमं मान्य केली. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ८-० ने त्याच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या टेप द्यायला लावल्या. ५ ऑगस्टला वॉटरगेट घरफोडीचा तपास दडपायला त्यानेच सांगितल्याची घातकी टेप बाहेर आली, आणि ७ तारखेला त्याच्याच पक्षाचे गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स हे तिघे त्याला भेटायला गेले. तुमच्या बाजूला पंधरा-सोळा मतंसुद्धा जेमतेम असतील, एवढाच त्यांचा निरोप. ९ ऑगस्टला राजीनामा. यात पैशाचाही हिशेब होता, कारण माजी राष्ट्राध्यक्षांच्या १९५८ च्या कायद्यानुसार महाभियोगातून काढलेल्याला निवृत्तिवेतन नाही, राजीनामा देणाऱ्याला आहे. महिन्याभरात फोर्डने त्याला पूर्ण माफीही दिली.

सुटूनही वचक बसला, असं एक तरी उदाहरण आहे?

आहे, पण राष्ट्राध्यक्षाचं नाही, न्यायाधीशाचं. सॅम्युएल चेस हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती उघडउघड राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सचा प्रचार करत. १८०३ मध्ये बाल्टिमोरच्या ग्रँड ज्युरीपुढे त्यांनी न्यायासनावरून तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याच्या पक्षाला लाखोली वाहिली. प्रतिनिधीगृहाने आठ कलमं लावली. १८०५ मध्ये सिनेटमध्ये खटला चालला. अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर, ज्याच्यावर स्वतःवर द्वंद्वात हॅमिल्टनला मारल्याबद्दल खुनाचा आरोप होता. (अशी पात्ररचना नाटकात केली तर अतिशयोक्ती म्हणतील.) लागणार होती २३ मतं. एकाही कलमावर १९ च्या पुढे गेली नाहीत.

चेस मरेपर्यंत पदावर राहिले. पण न्यायासनावरून पक्षाचं भाषण ठोकण्याची पद्धत त्यानंतर ओसरली. न्यायाधीश सावध झाले. जेफरसन मात्र चिडलेलाच राहिला, १८१९ च्या एका पत्रात त्याने लिहिलं की महाभियोग आता बुजगावण्याइतकाही उरलेला नाही. मला वाटतं त्याचा अंदाज न्यायाधीशांबाबत चुकला आणि राष्ट्राध्यक्षांबाबत बरोबर ठरला. न्यायाधीशाच्या मागे मतदार नसतात, देणगीदार नसतात, प्रचारसभा नसतात. त्याच्याजवळ असते ती अब्रू, म्हणून तिला धक्का लागलेला त्याला कळतो. राष्ट्राध्यक्षाला त्याच धक्क्यातून निवडणूक निधी उभा करता येतो.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. मग सिनेटमध्ये हरणार हे ठाऊक असताना महाभियोग आणावाच का?

ही म्हण इथे दोन्ही बाजूंनी लागू पडते, अडचण तीच आहे. आणला आणि हरलो तर राष्ट्राध्यक्ष सोकावतो. आणलाच नाही तरी सोकावतो, आणि वर नोंदही राहत नाही. चौकशीत शपथेवर झालेल्या साक्षी, कागद, तारखा हे सगळं निकालाने पुसलं जात नाही. युक्रेनची मदत कोणत्या दिवशी कुणी रोखली हे आज सांगता येतं, ते त्या साक्षींमुळे. मी आणण्याच्या बाजूचा आहे, मात्र "यामुळे पुढे कुणी असं करणार नाही" हे कारण देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

सवंगपणाचा धोकाही खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतर्गत सुरक्षा मंत्री मायोर्कस यांच्यावर २१४ विरुद्ध २१३ अशा एका मताने महाभियोग झाला आणि एप्रिलमध्ये सिनेटने तो खटला न चालवताच निकालात काढला. उठसूट बंदूक दाखवली की तिच्यात गोळी नाही हे सगळ्यांना कळतं.

२०२१ मध्ये तर सात रिपब्लिकन सिनेटरांनी विरोधात मत दिलं. ते काहीच नाही का?

मोठी गोष्ट होती. १३ फेब्रुवारी २०२१ ला ५७ विरुद्ध ४३, आणि स्वपक्षाची इतकी मतं कोणत्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध पडली नव्हती. २०२० पर्यंत तर एकही पडलं नव्हतं. ते पहिलं मत मिट रॉम्नी यांचं.

पण वचक कुणाला बसला ते पाहा. प्रतिनिधीगृहात दहा रिपब्लिकनांनी महाभियोगाला मत दिलं होतं. त्यातले चौघे पुन्हा उभेच राहिले नाहीत. चौघे पक्षांतर्गत निवडणुकीत पडले, त्यांत वायोमिंगच्या लिझ चेनी होत्या. २०२२ च्या निवडणुकीनंतर दहातले दोघे सभागृहात उरले. बाकीच्या खासदारांनी यातून काय बोध घेतला असेल हे वेगळं सांगायला नको.

दोनदा महाभियोग झालेला माणूस पुन्हा उभा कसा राहिला? (न्यू जर्सीतल्या आमच्या वहिनींचा प्रश्न, दर दिवाळीच्या फोनवर.)

वहिनी, कारण निवडणूक लढवायची बंदी आपोआप येत नाही. आधी दोन-तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं, मग वेगळं मतदान घेऊन बंदी घालायची. त्या दुसऱ्या मतदानाला साधं बहुमत पुरतं, पण पहिली पायरीच चढली गेली नाही. आणि दोषी ठरूनही दुसरं मतदान झालं नाही तर मार्ग मोकळाच. न्यायाधीश अल्सी हेस्टिंग्ज यांना सिनेटने १९८९ मध्ये काढलं, १९९२ मध्ये ते प्रतिनिधीगृहावर निवडून आले, आणि क्लिंटनवरच्या महाभियोगाच्या मतदानात खासदार म्हणून हजर होते.

ट्रम्प यांना सोडताना सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल म्हणाले होते, की हल्ल्याला तेच जबाबदार आहेत, पण माजी राष्ट्राध्यक्षावर खटला चालवणं आमच्या अखत्यारीत नाही, त्यासाठी फौजदारी न्यायालयं आहेत. न्यायालयात गेल्यावर १ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ६-३ ने सांगितलं, की अधिकृत कृत्यांबद्दल राष्ट्राध्यक्षाला फौजदारी खटल्यापासून संरक्षण आहे. काहींना पूर्ण, काहींना गृहीत धरलेलं. सिनेटने कोर्टाकडे बोट दाखवलं, कोर्टाने हात वर केले. नोव्हेंबरात ते निवडून आले आणि तो खटला गुंडाळला गेला.

सिनेटमध्ये खटला चालू असताना फक्त पाणी आणि दूध प्यायला मिळतं, हे खरं?

खरं. चहा नाही.

महाभियोगाऐवजी साधा निंदाठराव करून भागणार नाही?

१८३४ मध्ये सिनेटने अँड्र्यू जॅक्सनविरुद्ध केला होता. तीन वर्षांनी त्याच्या पक्षाचं बहुमत आलं, तेव्हा कामकाजाची मूळ वही काढून त्या नोंदीभोवती काळ्या शाईने चौकट आखली आणि वर लिहिलं: रद्द.

आणि खरंच काढलं, तर पुढच्याला वचक बसतो?

दक्षिण कोरियाकडे पाहा. मार्च २०१७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने पार्क ग्युन-हे यांना एकमताने काढलं. पुढे त्यांना तुरुंगवास झाला. आठ वर्षंही झाली नाहीत, तोच ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन यांनी लष्करी कायदा पुकारला. पार्क यांच्यावरच्या तपासात सरकारी वकील म्हणून हेच युन होते! म्हणजे सगळं जवळून पाहिलेला माणूस. फरक पडला तो नंतर. काही तासांत संसदेने तो कायदा रद्द करायला लावला, आणि एप्रिल २०२५ मध्ये युनही गेले. गुन्हा टळला नाही, पण तो निस्तरायची वाट लोकांच्या पायाखालची होती.

आपल्याकडे काय आहे?

राष्ट्रपतींसाठी अनुच्छेद ६१ आहे: कारण फक्त संविधानाचा भंग, आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं. आजवर वापरलेला नाही. न्यायाधीशांबाबत १९९३ चं रामस्वामी प्रकरण या विषयाच्या जवळ जातं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या समितीने बरेच आरोप सिद्ध धरले, पण लोकसभेत सत्ताधारी काँग्रेसचे खासदार तटस्थ राहिले आणि ठराव पडला. विरोधात एकही मत नव्हतं, तरी पडला.

यात मराठी माणसाचा काही संबंध?

ओढूनताणून नाही, खरोखरचा आहे. सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेच्या संविधानातलं महाभियोगाचं कलम लिहिलं जात होतं तेव्हा लंडनमध्ये बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग नुकताच दाखल झाला होता. संविधान सभेतला प्रतिनिधी जॉर्ज मेसनने तेच नाव घेतलं: नुसता देशद्रोह आणि लाच एवढंच लिहिलं, तर हेस्टिंग्जसारखे निसटतील. त्याने सुचवलेला "गैरकारभार" हा शब्द दुसरा प्रतिनिधी मॅडिसन याला फार सैल वाटला, म्हणून इंग्रजी प्रथेतला "मोठे गुन्हे आणि गैरवर्तन" हा शब्दप्रयोग आला. तोच आजवर चालतो.

आणि हेस्टिंग्जविरुद्ध ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने मांडलेल्या २२ आरोपांत मराठा युद्ध आणि तह हा एक होता. वडगाव मावळला १७७९ च्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीची फौज मराठ्यांपुढे शरण आली, तो करार हेस्टिंग्जने झिडकारला, आणि युद्ध थेट १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत रेटलं. त्याचा खर्च भागवायला पैसा लागत होता. बनारसच्या चेतसिंगाकडून आणि अवधच्या बेगमांकडून उकळलेल्या पैशांवरून खटला पुढे गाजला, त्यामागे ही लढाई होती.

खटला १७८८ मध्ये सुरू झाला आणि १७९५ मध्ये संपला. सात वर्षं. निर्दोष. कंपनीने त्याला सालीना चार हजार पौंड बांधून दिले. १८१३ मध्ये तो साक्षीसाठी कॉमन्समध्ये आला, तेव्हा ज्या सभागृहाने त्याच्यावर आरोप ठेवले होते तिथले सदस्य टोप्या काढून उठून उभे राहिले. दरम्यान कंपनीच्या नोकरांच्या खाजगी व्यापाराला आणि नजराण्यांना थोडा आळा बसला होता, पण तो पुढचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने पगार वाढवून आणि नियम करून घातलेला. युद्धांचं म्हणाल तर हेस्टिंग्ज सुटल्याला आठ वर्षं झाली आणि १८०३ मध्ये गव्हर्नर-जनरल वेलस्लीने मराठ्यांशी पुन्हा युद्ध केलं. त्याच्याविरुद्धही पार्लमेंटमध्ये आरोप झाले आणि विरले. त्याला परत बोलावलं ते त्याआधीच, १८०५ मध्ये, कंपनीच्या डोक्यावर झालेलं कर्ज पाहून.